आईबाबांचं री-एन्ट्री परमिट : सोलापुरात घेतलेल्या सर्व्हिसचा रिव्ह्यू

आधीच सांगते, मोठं लिहिणार आहे. मी शोधत होते तेव्हा मराठीत धड काहीच मिळालं नाही आणि ओळखीपाळखीत जे कानावर आलं त्यातलं निम्मं उलटसुलट होतं. त्यामुळे ज्यांच्या आईबाबांचं अमेरिकेचं ग्रीन कार्ड, म्हणजे तिकडे कायमचं राहायचा परवाना, मुलाने नाहीतर मुलीने केलंय आणि तरी ते वर्षातले जास्त दिवस इथेच सोलापुरात असतात, त्या सगळ्या घरांसाठी हे लिहितेय. आम्ही आईबाबा दोघांचं री-एन्ट्री परमिट, म्हणजे जास्त दिवस अमेरिकेबाहेर राहून परत जाण्यासाठीचा कागद, काढलं, कागदपत्रांचं सगळं काम होटगी रोडकडच्या एका मॅडमनी केलं, त्या सर्व्हिसचा हा रिव्ह्यू आणि सोबत परमिटचाही, कारण एकाशिवाय दुसऱ्याचं सांगून उपयोग नाही. सर्व्हिसला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. मॅडम एकट्या काम करतात, घरातल्याच एका खोलीत ऑफिस आहे, नाव टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय म्हणून टाकत नाही. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी मला मेसेज करा, त्यांना विचारून नंबर देईन.

आमचं थोडक्यात असं. दादा न्यू जर्सीत, तिकडचा सिटिझन झाला आणि त्याने आईबाबांसाठी अर्ज टाकला. सिटिझन मुलगा एकवीस वर्षांच्या वर असला की आईवडलांना नंबर लागायची वाट बघावी लागत नाही, भावाबहिणींच्या केसेससारखं वर्षानुवर्षं लटकत नाही, त्यामुळे मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये मुलाखत होऊन दोघं जाऊन आले, कार्डं आली, सगळे खूश. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो हे आम्हाला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. बाबांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, माग विकायचेत, कामगारांचे हिशोब, बँकेचं कर्ज, जीएसटीचं गुंतलेलं, त्यात आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलेलं आणि तिला ते इथेच, तिच्या डॉक्टरांकडेच करायचं होतं. म्हणजे वर्षाच्या आत हे सगळं आटपून परत जाणं शक्यच नव्हतं. आणि ग्रीन कार्ड आहे म्हटल्यावर कधीही गेलं तरी चालतं असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलेलं.

तसं चालत नाही. ग्रीन कार्ड हे अमेरिकेत राहणाऱ्या माणसाचं कार्ड आहे. सलग एक वर्ष किंवा त्याच्या वर बाहेर राहिलात तर नुसत्या कार्डावर परत आत जाता येत नाही, कार्डावर पुढची दहा वर्षांची तारीख छापलेली असली तरी. एकशे ऐंशी दिवसांच्या वर बाहेर राहिलं की तिथल्या एअरपोर्टवर ऑफिसर तुम्हाला नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखं तपासू शकतो, कुठे होता, का होता, घर कुठलं, टॅक्स भरता का, हे सगळं विचारतो. इथे आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कायम फिरणारी एक समजूत आहे की दर सहा महिन्यांनी जाऊन पाय लावून यायचं, आठ-पंधरा दिवस राहायचं, झालं काम. हे डोक्यातून काढून टाका प्लीज. तारखा सांभाळल्या म्हणजे कार्ड सांभाळलं असा नियम नाहीये, ते बघतात की तुमचं कायमचं घर तिकडे आहे की इकडे, आणि वर्षातले साडेअकरा महिने सोलापुरात काढून दोन आठवडे मुलाकडे पाहुण्यासारखं जाणारा माणूस फार दिवस ते पटवून देऊ शकत नाही.

री-एन्ट्री परमिट म्हणजे तिकडून निघण्याआधीच अमेरिकन सरकारला सांगून ठेवणं, की मी अमुक कारणासाठी जास्त दिवस बाहेर चाललोय, माझं राहणं इकडेच आहे, मी परत येणार आहे. अर्जाचा फॉर्म आय-१३१, मिळतं ते पासपोर्टासारखं पुस्तक, मुदत जारी केल्यापासून दोन वर्षं. त्या मुदतीत परत गेलात तर केवळ खूप दिवस बाहेर होता एवढ्याच कारणावरून राहणं सोडलं असं ऑफिसरला धरता येत नाही. आत सोडण्याची गॅरंटी मात्र ते नाही, बाकीचे प्रश्न विचारायचा अधिकार त्याला आहेच. आणि भारतीय पासपोर्ट लागतोच, परमिट त्याच्या जागी चालत नाही, हेही काही जणांना वाटतं म्हणून लिहिलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. अर्ज करताना माणूस अमेरिकेत हजर पाहिजे. इथून करता येत नाही. मॅडमकडे जायच्या आधी आम्ही पुण्यातल्या एका एजंटकडे गेलो होतो, चकाचक ऑफिस, भिंतीवर झेंडे, आणि त्या माणसाने छातीठोक सांगितलं की काही टेन्शन घेऊ नका, आईबाबा सोलापुरातच असू देत, मी इथूनच ऑनलाइन परमिट काढून देतो, अर्धे पैसे आज भरा. बाबा चेक काढायला निघाले होते. दादा फोनवर म्हणाला थांबा आधी मी फॉर्मच्या सूचना वाचतो, आणि त्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे की अर्ज दाखल करताना तुम्ही अमेरिकेत असलं पाहिजे, शिवाय चौदा ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला बोलावतात, तेही तिकडेच. ठसे द्यायच्या आधी देश सोडला तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. त्या एजंटवर विसंबून आम्ही बसलो असतो तर पैसे गेले असतेच पण ते वर्षही उलटून गेलं असतं आणि मग कार्डाचं काय झालं असतं ते विचार करवत नाही. कुणीही तुम्हाला इथून काढून देतो म्हणाला तर तिथून उठून या.

मॅडमचा पत्ता आम्हाला बाबांच्या एका जुन्या व्यापारी मित्राने दिला, पूर्व भागातले आहेत, त्यांची दोन्ही पोरं तिकडे सॉफ्टवेअरमध्ये. मॅडम मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही बोलतात आणि सोलापुरात याचा किती फायदा होतो ते इथल्या लोकांना सांगायला नको. पहिल्या भेटीचे पैसे घेत नाहीत. आणि पहिल्या भेटीत त्यांनी फॉर्मला हातच लावला नाही, त्या फक्त विचारत होत्या. कार्ड कधी मिळालं, त्यानंतर किती दिवस तिकडे किती दिवस इकडे, इकडे का थांबायचंय, तिकडे काय काय आहे तुमचं. बाबांना म्हणाल्या, काका, परत कधी जायचंय? बाबा म्हणाले, बघू की, कारखान्याचं मिटलं की. तर म्हणाल्या, काका, बघू की असं फॉर्मवर लिहिता येत नाही, आणि एअरपोर्टवर ऑफिसरला पण सांगता येत नाही, तुम्ही दोघं घरी बसून आधी ठरवा की जायचंय का नाही, मग माझ्याकडे या. मला हे फार आवडलं. आम्ही घरी आलो आणि पहिल्यांदाच त्या विषयावर खरं बोलणं झालं, आई म्हणाली मला नातवंडांजवळ राहायचंय, ऑपरेशन झालं की जायचं, बाबा म्हणाले कारखाना विकल्याशिवाय माझा जीव तिकडे लागणार नाही पण विकला की इथे काय करू. ठरलं मग.

आम्ही बसलो होतो तेव्हा त्यांनी एका कुटुंबाला चक्क नाही म्हणताना मी स्वतः ऐकलंय. त्या काकाकाकूंना वर्षाला तीन-चार महिनेच मुलीकडे जायचं होतं, तिकडे कायमचं राहायची इच्छाच नव्हती, शेती इथे, दुसरा मुलगा इथे. मॅडम म्हणाल्या तुम्हाला परमिट नकोय, तुम्हाला ग्रीन कार्डच नकोय, आय-४०७ फॉर्म भरून कार्ड रीतसर परत करा आणि व्हिजिटर व्हिसाला अर्ज करा, तो साधारण दहा वर्षांचा मिळतो आणि एका खेपेला बहुतेक सहा महिन्यांपर्यंत राहू देतात, पण मुलीशी आणि तिकडच्या एखाद्या वकिलाशी बोलूनच सही करा. दोन अर्जांची फी सोडली त्यांनी त्या दिवशी. हे मी सांगतेय कारण या धंद्यात गिऱ्हाइकाला परत पाठवणारे लोक मला दुसरे कुणी भेटले नाहीत.

कामाबद्दल सांगते. एका अर्जाचे नऊ हजार रुपये घेतात, निम्मे आधी आणि निम्मे अर्ज पोहोचल्याची पावती आल्यावर, कागदावर लिहून देतात. त्यात काय येतं आणि काय नाही हेही लिहिलेलं असतं. पहिल्या ओळीत लिहिलंय की मी वकील नाही, मी फॉर्म भरते. अमेरिकेच्या इमिग्रेशनचा कायदेशीर सल्ला द्यायचा अधिकार तिकडच्या वकिलाला किंवा तिकडच्या न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीलाच आहे, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, आणि आमच्या केसमध्ये एका प्रश्नावर त्या म्हणाल्या हे मी सांगू शकत नाही, वकिलाला विचारा. फॉर्मच्या शेवटी तो कुणी भरून दिला त्याची आणि दुभाष्याची माहिती द्यायचे वेगळे भाग असतात. तिथे त्यांनी स्वतःचं नाव पत्ता घालून सही केली. बरेच एजंट तो भाग कोरा ठेवतात आणि अर्जदारानेच भरला असं दाखवतात, म्हणजे उद्या काही चुकलं की ते नामानिराळे. आईला इंग्रजी वाचता येत नाही, तर तिला प्रत्येक प्रश्न मराठीत वाचून दाखवला, उत्तर लिहिलं, परत वाचून दाखवलं, आणि दुभाष्याच्या भागात ते तसं नोंदवलं. आई म्हणाली आयुष्यात पहिल्यांदा मी कशावर सही करतेय ते कळून सही केली.

कार्ड मिळाल्यापासून देशाबाहेर एकूण किती काळ घालवला हे फॉर्मवर विचारतात. बाबांनी अंदाजाने सांगितलं तर मॅडमनी पासपोर्टमधला एकेक शिक्का काढून तारखा लिहून बेरीज केली, जुना पासपोर्टसुद्धा मागवला. पुढे हा काळ महत्त्वाचा ठरतो, कारण कार्ड मिळाल्यापासून गेल्या पाच वर्षांतली चारहून जास्त बाहेर गेलेली असली तर दोनऐवजी एकच वर्षाचं परमिट मिळतं, थोडे अपवाद सोडले तर. आणि मुदत वाढवून मिळत नाही. संपलं की नवीन काढायचं, त्यासाठी पुन्हा तिकडे जायचं, आणि जुन्या पुस्तकाची मुदत अजून शिल्लक असेल तर ते परत द्यायचं.

दुसरा प्रश्न टॅक्सचा. कार्ड मिळाल्यापासून कधी नॉन-रेसिडेंट म्हणून टॅक्स रिटर्न भरलंय का किंवा आपण रेसिडेंट नाही असं समजून भरलंच नाही का, हे फॉर्मवर सरळ विचारतात. हो असेल तर त्याचा अर्थ तुम्हीच राहणं सोडलं असा निघू शकतो. ग्रीन कार्ड आहे म्हणजे जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न तिकडच्या रिटर्नमध्ये दाखवायचं, इथल्या एफडीचं व्याज, कारखान्याचं, भाड्याचं, सगळं. आणि बाहेरच्या देशातल्या सगळ्या खात्यांची मिळून बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार नावाचा वेगळा रिपोर्ट द्यावा लागतो. आता सोलापुरातल्या कुठल्या रिटायर्ड माणसाची एफडी, पोस्ट, पतसंस्था मिळून तेवढं होत नाही? बाबा म्हणाले माझे पैसे, माझ्या बँकेत, मी टॅक्स इथे भरलाय, तिकडे कशाला सांगू. पण इथे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट तिकडे घेता येतं, म्हणजे बहुतेक वेळा दोनदा भरावं लागत नाही, पण सांगावं लागतंच. हे काम मॅडम करत नाहीत, त्यांनी स्पष्ट सांगितलं की तिकडचा सीपीए, म्हणजे आपल्याकडच्या सीएसारखा माणूस, गाठा. दादाच्या सीपीएने ते केलं आणि मगच फॉर्म पुढे गेला.

जाण्याच्या कारणासाठी त्यांनी दोनच परिच्छेदांचं साधं पत्र लिहिलं, कारखाना विकणे आणि हिशोब मिटवणे, गुडघ्यांचं ऑपरेशन आणि नंतरची फिजिओथेरपी, दोघांच्या अंदाजे तारखा. सोबत डॉक्टरांचं पत्र, मागांच्या विक्रीच्या बोलणीचे कागद. तिकडच्या बाजूचं दादाच्या घराचा पत्ता, बाबांचं बँक खातं, न्यू जर्सीचं ओळखपत्र, टॅक्स रिटर्न. यातलं सगळं काही सक्तीचं नाही, कार्डाची दोन्ही बाजूंची कॉपी ही मुख्य, पण त्या म्हणाल्या ही फाइल अर्जासोबत गेली नाही तरी एअरपोर्टवर तुमच्या हातात असू दे. आईच्या लग्नाआधीच्या नावाचा घोळ होता, लग्नाचा दाखला मराठीत. त्याचं इंग्रजी भाषांतर त्यांनी केलं आणि खाली मी दोन्ही भाषा जाणते आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे असं सहीनिशी लिहून दिलं, एवढं पुरतं. नोटरी लागत नाही. कोर्टाजवळ याच कामाला नोटरी, स्टॅम्प पेपर, अमुक तमुक करून पैसे घेतात, ते देऊ नका.

मग उन्हाळ्यात आईबाबा दादाकडे गेले. तसंही सोलापुरातला मे महिना सोडून जाणं आईला कधी जड जात नाही. मॅडमनी तयार केलेला फॉर्म दादाने प्रिंट काढला, दोघांनी तिथे सह्या केल्या, पोस्टाने पाठवला. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा आणि फी वेगळी. १ एप्रिल २०२४ पासून फी एका माणसाला ६३० डॉलर आहे, बायोमेट्रिक्सचे (ठसे आणि फोटोचे) वेगळे नाहीत, आधी ५७५ अधिक ८५ असे ६६० पडायचे. दोघांचे १,२६० म्हणजे लाखाच्या वर गेले बघा नुसत्या सरकारी फीत, त्यामुळे परमिट घ्यायचं का हे आधी ठरवा म्हणते ते याच्यासाठी. काही दिवसांनी पावती आली, मग बायोमेट्रिक्सचं बोलावणं आलं, तेही काही आठवड्यांनी. मॅडमनी बजावून ठेवलं होतं की ते झाल्याशिवाय परतीचं तिकीट पक्कं करू नका, तारीख बदलता येईल असंच काढा. यूएससीआयएस, म्हणजे हे अर्ज बघणारं अमेरिकन सरकारी खातं, स्वतः प्रवासाच्या किमान साठ दिवस आधी अर्ज करा म्हणते. ठसे देऊन झाले की निर्णयाची वाट बघत तिकडे बसायची गरज नाही, परत येता येतं, परमिट तिकडच्या घरच्या पत्त्यावर किंवा भारतातल्या त्यांच्या दूतावासात अथवा कॉन्सुलेटमध्ये मागवता येतं. आम्ही दादाचा पत्ता दिला, त्याने कुरिअरने पाठवलं.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी माझ्या मते सगळ्यात जास्त लोकांना फसवते. पावती म्हणजे परमिट नाही. या अर्जांना लागणारा वेळ कमीजास्त होत असतो, कधी कधी वर्षाच्या पुढेही गेलेला आहे. परमिट हातात येईपर्यंत तुम्ही बाहेर आहात ते तुमच्या कार्डाच्या जिवावर, आणि कार्ड एक वर्षाच्या आतच चालतं. म्हणजे निघाल्यापासून वर्ष व्हायला आलं आणि परमिट आलंच नाही, तर अर्ज केलाय की असं म्हणून इथे बसून चालणार नाही, वर्ष पूर्ण व्हायच्या आत परत जायला हवं. मॅडमनी आमच्या फाइलवर निघाल्याची तारीख आणि वर्ष पूर्ण होण्याची तारीख लाल पेनने लिहून ठेवलीय आणि मध्येमध्ये त्यांचा स्वतःहून फोन यायचा, ताई, आलं का काही? असा पाठपुरावा करणारं माणूस मिळणं हीच खरी सर्व्हिस. आमचं परमिट त्या तारखेच्या बरंच आधी आलं. दोन वर्षं मोजायची ती त्या पुस्तकात छापलेल्या तारखेने, विमानात बसल्यापासून नाही.

अर्धा मार्क का कापला ते सांगते. संध्याकाळी सातनंतर फोन उचलत नाहीत, आणि अमेरिकेतल्या माणसाला बोलायला तीच वेळ बरी पडते, दादाची त्यामुळे फार चिडचिड झाली. गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीच्या आसपास पूर्ण बंद, आधी कळवत नाहीत. कागद व्हॉट्सअॅपवर फोटो काढून मागतात, त्यात एकदा कार्डाची मागची बाजू इतकी धूसर गेली की परत स्कॅन करून पाठवावी लागली, ईमेल वापरायला काय हरकत आहे? आणि जिना उभा आहे, लिफ्ट नाही, गुडघेवाल्या आईला वर चढवणं म्हणजे दिव्य. सांगितलं तर दुसऱ्या वेळी त्या खाली येऊन आमच्या गाडीत बसून बोलल्या, ते मात्र मान्य करायला पाहिजे.

परमिटकडून काय अपेक्षा ठेवू नये तेही वाचा. ज्यांना पुढे सिटिझन व्हायचंय त्यांच्यासाठी ही मोठी अडचण आहे. परमिट कार्ड वाचवतं, सिटिझनशिपसाठी तिकडे सलग राहण्याची जी पाच वर्षं लागतात ती वाचवत नाही. सलग एक वर्ष बाहेर राहिलं की ती साखळी तुटते, परमिट असलं तरी, आणि सहा महिने ते वर्ष असेल तर तुटली नाही हे तुम्हाला पटवून द्यावं लागतं. शिवाय त्या पाच वर्षांत निदान तीस महिने प्रत्यक्ष तिकडे राहिलेलं पाहिजे. बाबांना सिटिझनशिपचं काही नाही, पण आईला मनातून हवी होती, तिला हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ती नाराज झाली, पण नंतर कळून धक्का बसण्यापेक्षा ते बरं. पासष्टच्या पुढचे जे लोक स्वतः किंवा जोडीदाराने तिकडे नोकरी केलेली नसताना पैसे भरून मेडिकेअर घ्यायचा विचार करतात त्यांनाही सलग पाच वर्षं तिकडे राहिलेलं असावं लागतं, तेव्हा तोही हिशोब करा.

आणि परमिट न काढता वर्ष उलटून गेलं असेल तर? त्याला रिटर्निंग रेसिडेंट व्हिसा आहे, एसबी-१. डीएस-११७ फॉर्म, १८० डॉलर, कॉन्सुलेटमध्ये मुलाखत, आणि सिद्ध करायचं असतं की परत जायचाच इरादा होता पण आपल्या हातात नसलेल्या कारणाने अडकलो. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना हे करावं लागलं. २३ मार्च २०२० ला नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली ती पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडलं, मधल्या काळात खास विमानं होती पण काकूंना हृदयाचा त्रास, डॉक्टर प्रवासाला नको म्हणत होते, करता करता वर्ष गेलं. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर जाऊन सकाळी बीकेसीला, फाइलभर डॉक्टरी कागद घेऊन. त्यांचं झालं, कारण कारण खरं होतं आणि कागद होते. कारखाना विकायला वेळ लागला हे असलं कारण तिथे कितपत चालेल याची मला तरी शंका आहे, आणि म्हणूनच ज्याला आधीपासून माहीत आहे की वर्षाच्या वर इथे थांबायचंय त्याने तिकडून निघण्याआधी परमिटचा अर्ज केलाच पाहिजे असं माझं ठाम मत झालंय.

एअरपोर्टवर चुकून कुणी कार्ड सोडून द्या म्हणून आय-४०७ पुढे केलाच तर घाबरून सही करायची नाही, ती सही ऐच्छिक असते, इमिग्रेशन जजपुढे बाजू मांडायचा हक्क असतो. हे मॅडमनी बाबांना दोनदा सांगितलं आणि एका कागदावर इंग्रजीत चार ओळी लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये घालून दिल्या. बाबा स्वभावाने असे की खाकी कपड्यातल्या माणसाने कागद पुढे केला की सही करतात, त्यामुळे त्या चार ओळी मला नऊ हजारांपेक्षा जास्त मोलाच्या वाटतात.

आईचं एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरं व्हायचंय, निम्मे माग गेले, शेडचं बोलणं चालू आहे. परमिटची मुदत संपायच्या तीन महिने आधीचं तिकीट बघतोय, शेवटच्या आठवड्यावर काही ठेवायचं नाही. जाताना चेक-इन काउंटरलाच पासपोर्ट, कार्ड आणि परमिट तिन्ही एकत्र दाखवायचे, कारण वर्षाच्या वर बाहेर असलेला माणूस नुसतं कार्ड घेऊन आला तर एअरलाइनवालेच विमानात बसवायला कुरकुर करतात. परमिट मोठ्या बॅगेत टाकू नका.

मॅडमकडे जाणार असाल तर सकाळी अकरा ते एक जा, जुने-नवे सगळे पासपोर्ट, कार्ड, मागचं टॅक्स रिटर्न आणि लग्नाचा दाखला सोबत न्या, आणि फी भरण्याआधी त्या दिवशीची रक्कम यूएससीआयएसच्या साइटवर स्वतः बघून घ्या, ती बदलत असते आणि चुकीची रक्कम गेली की अख्खा अर्ज परत येतो.